गव्हावरील तांबेरा आणि प्रा. करमचंद मेहता यांचे कवकसंशोधन

प्रस्तावना

भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा इतिहास सांगताना सर एडविन बटलर यांच्या नावाने आरंभ करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यही आहे. सन १९०१ मध्ये भारतात आलेल्या बटलर यांनी पुसा येथील संस्थेत कवकशास्त्राचा पाया घातला. सन १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा वनस्पतींच्या कवकजन्य रोगांवरील ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तथापि, बटलर यांना शासकीय संस्थेचे पाठबळ होते. त्यानंतरच्या पिढीत, कोणत्याही संशोधन संस्थेत नव्हे तर एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात अध्यापन करीत असलेल्या एका प्राध्यापकाने भारतीय शेतीपुढील एक जुना आणि अवघड प्रश्न सोडवला. आग्रा कॉलेजातील प्रा. करमचंद मेहता हे ते संशोधक होत. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत त्यांचे नाव बहुधा एका ओळीत येते. ‘भारतात गव्हाच्या तांबेऱ्याच्या वार्षिक पुनरावृत्तीत बार्बेरीचा सहभाग नाही, हे मेहता यांनी सिद्ध केले’, ही ती ओळ. ती विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु या विधानापर्यंत पोहोचण्यासाठी काय काय करावे लागले आणि ते विधान करणे धाडसाचे का होते, याचा बोध तिच्यातून होत नाही. प्रस्तुत लेखात मेहता यांच्या कार्याचा विचार या अंगाने केला आहे.

तांबेरा : रोग आणि त्याचे कोडे

गव्हावर तीन प्रकारचा तांबेरा पडतो. खोडावरील काळा तांबेरा, पानांवरील तपकिरी किंवा नारिंगी तांबेरा आणि पानांवर रेषांच्या स्वरूपात दिसणारा पिवळा तांबेरा. हे तिन्ही रोग पक्सिनिया या प्रजातीतील कवकांमुळे होतात. पानावर वा खोडावर उमटणाऱ्या पुळीतून गंजासारखी भुकटी बाहेर पडते. ही भुकटी म्हणजे युरेडोबीजाणूंचा समूह. एक बीजाणू साधारण २५ मायक्रॉन आकाराचा असतो. तो ओल्या पानावर रुजला की आठ ते पंधरा दिवसांत नवी पुळी तयार होते आणि तीतून पुन्हा असंख्य बीजाणू वाऱ्यावर जातात. हंगामात हे चक्र अनेकदा फिरते. पीक पक्व होऊ लागले की त्याच कवकापासून जाड भिंतीचे, काळसर टेलियूटोबीजाणू तयार होतात. काळ्या तांबेऱ्याला त्याचे नाव यांच्यामुळेच मिळाले.

हे कवक पूर्णतः परजीवी आहे. शेतात ते जिवंत हिरव्या ऊतीशिवाय वाढत नाही. साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. भारताच्या मैदानी प्रदेशात गव्हाची कापणी फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान होते आणि पुढील पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या सहा-सात महिन्यांत शेतात गहू नसतो. शिवाय मे-जूनमध्ये उत्तरेत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. मग पुढच्या हंगामात रोग पुन्हा येतो तो कोठून?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर सापडलेले होते. बार्बेरीच्या झुडपाजवळचा गहू जास्त तांबेरतो, हे तेथील शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने १७२६ मध्येच या झुडपाविरुद्ध कायदा केला होता. विद्वानांनी मात्र या समजुतीला दीर्घकाळ अडाणीपणा मानले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शोलर नावाच्या एका डॅनिश शाळाशिक्षकाने बार्बेरीवरील तांबेऱ्याची भुकटी राय या धान्याच्या रोपांवर चोळून रोग निर्माण करून दाखवला. तरीही त्याचे म्हणणे मान्य झाले नाही. अखेर जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५ च्या सुमारास काटेकोर प्रयोगांनी हे सिद्ध केले की, काळ्या तांबेऱ्याचे कवक आपले जीवनचक्र दोन वेगवेगळ्या वनस्पतींवर पूर्ण करते. टेलियूटोबीजाणू हिवाळा काढतात, वसंतात रुजून बार्बेरीच्या कोवळ्या पानांवर वाढतात आणि त्या पानांवर तयार झालेले एशियोबीजाणू पुन्हा गव्हाकडे येतात. कवकशास्त्राच्या इतिहासातील हा एक मोठा शोध होता. बार्बेरी नष्ट करा म्हणजे तांबेरा आटोक्यात येईल, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी निर्मूलनाची व्यापक मोहीम हाती घेतली.

भारतातही बार्बेरी आहे. आयुर्वेदात दारुहळद म्हणून ओळखली जाणारी वनस्पती याच प्रजातीतील. हिमालयात तिच्या अनेक जाती वाढतात, निलगिरीतही ती आढळते, आणि हिमालयातील झुडपांवर तांबेऱ्याच्या पुळ्याही दिसतात. शिमल्याच्या परिसरातील तांबेरा-कवकांची नोंद आर्थर बार्कली या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली होती. त्यामुळे युरोपातील उत्तर येथेही जसेच्या तसे लागू करण्याचा मोह स्वाभाविक होता. बटलर आणि हेमन यांनी १९०६ मधील आपल्या प्रबंधात या गृहीतकाविषयी शंका व्यक्त केली. मैदानातील गव्हाची शेते आणि डोंगरातील बार्बेरी यांत शेकडो मैलांचे अंतर आहे, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. बार्बेरी नाही, तर मग काय, हा प्रश्न तसाच राहिला.

केंब्रिजहून आग्र्याकडे

करमचंद मेहता मूळचे पंजाबचे. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करीत असताना ते संशोधनासाठी केंब्रिजला गेले. रोलंड बिफेन यांनी पिवळ्या तांबेऱ्याला असलेली प्रतिकारक्षमता मेंडेलच्या नियमांनुसार संक्रमित होते, हे १९०५ मध्ये दाखवले ते याच विद्यापीठात. मेहता यांनी तेथे निवडलेला विषय लक्षात घेण्याजोगा आहे. केंब्रिजच्या आसपास तृणधान्यांवरील तांबेरा दरवर्षी पुन्हा कसा उद्भवतो, याचा त्यांनी अभ्यास केला. हे संशोधन १९२३ मध्ये ब्रिटिश कवकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे भारतात परतताना त्यांच्याजवळ पदवीबरोबर एक प्रश्नही होता आणि तो प्रश्न एका हवामानात तपासून पाहिल्याचा अनुभवही. परदेशी शिक्षण घेऊन आलेल्या अनेकांच्या बाबतीत तेथील विषय येथे चालू ठेवणे म्हणजे तेथील निष्कर्षांना दुजोरा देणे, एवढेच होऊन बसते. मेहता यांच्या बाबतीत तसे घडले नाही.

सन १९२३ पासून त्यांनी आग्र्यात काम सुरू केले. आरंभीची वर्षे महाविद्यालयाच्या मर्यादित साधनांवरच काढावी लागली. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था १९२९ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतरच तांबेऱ्यावरील संशोधनाला नियमित अर्थसाहाय्य लाभले. मात्र, आपल्या निष्कर्षांची रूपरेषा मेहता यांनी भारतीय विज्ञान परिषदेच्या १९२९ च्या अधिवेशनातच मांडली होती. प्रश्नाची उकल आधी झाली आणि अनुदान नंतर आले, हा क्रम आजच्या वाचकाला काहीसा उलटा वाटण्याचा संभव आहे.

पुराव्याची बांधणी

मेहता यांच्या कामाचे खरे सामर्थ्य कोणत्याही एका प्रयोगात नाही. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या पुराव्यांच्या साखळीत ते आहे. ही साखळी थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा मैदानातील उन्हाळ्याचा. गव्हाच्या काडावर राहिलेले युरेडोबीजाणू पुढच्या पेरणीपर्यंत जगतात काय, हे त्यांनी तपासले. उन्हाळ्याच्या तापमानात हे बीजाणू तग धरत नाहीत, असे आढळले. टेलियूटोबीजाणूंची गतही निराळी नव्हती. युरोपात हे बीजाणू थंडीत सुप्तावस्थेत राहून वसंतात रुजतात. भारतीय मैदानात ते मार्च-एप्रिलमध्ये तयार होतात आणि लगेच भाजून काढणाऱ्या उन्हात सापडतात. थंडीऐवजी उष्णता वाट्याला आल्याने त्यांची रुजण्याची क्षमता नष्ट होते. द बारी यांचे चक्र चुकीचे नव्हते. त्या चक्रातील एक दुवा येथील हवामानात तुटत होता.

दुसरा मुद्दा बार्बेरीवरील पुळ्यांचा. त्या दिसतात, हे खरे. परंतु बार्बेरीवर वाढणारे प्रत्येक तांबेरा-कवक गव्हाचे नसते. वेगवेगळ्या गवतांशी नाते असलेल्या अनेक जाती या झुडपावर आढळतात. केवळ पुळी पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे ताप दिसला की हिवताप ठरवण्यासारखे आहे. बीजाणू गव्हाच्या रोपांवर घालून पाहणे हाच खरा निकष होता आणि या निकषावर मैदानातील गव्हाच्या रोगाशी बार्बेरीचा संबंध प्रस्थापित झाला नाही.

तिसरा मुद्दा होकारार्थी होता, आणि संशोधनाची दिशा त्यानेच पालटली. मैदानात गहू नसतो तेव्हा डोंगरात काय असते? हिमालयाच्या मध्यम आणि उंच भागांत कापणीनंतर शेतात पडलेल्या दाण्यांपासून आपोआप उगवलेली रोपे, जुन्या बुंध्यांना फुटलेले फुटवे आणि काही ठिकाणी उन्हाळी पीकही उभे असते. दक्षिणेत निलगिरी आणि पळणी डोंगरांत तर वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा गहू घेतला जात असे. या उंचीवर उन्हाळा सौम्य असतो. मेहता यांना तेथे युरेडो अवस्थेतील तांबेरा उन्हाळ्यातही जिवंत आढळला. कवकाला दुसऱ्या वनस्पतीची गरजच नव्हती. गव्हाकडून गव्हाकडे असा त्याचा प्रवास डोंगरात अखंड चालू होता. याविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मैदानातील महाविद्यालये ज्या महिन्यांत बंद असतात, नेमके तेच महिने या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक होते.

चौथा मुद्दा वाऱ्याचा. डोंगरातील बीजाणू मैदानात पोहोचतात हे दाखवण्यासाठी चिकट द्रव्य लावलेल्या काचपट्ट्या निरनिराळ्या ठिकाणी हवेत उघड्या ठेवून त्यांवर अडकणारे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्यात आले. रोग कोठे आधी दिसतो आणि कोठे नंतर, याच्या तारखांची नोंदही ठेवण्यात आली. उत्तरेत पायथ्यालगतच्या पट्ट्यात पिवळा आणि तपकिरी तांबेरा आधी येतो. काळा तांबेरा दक्षिणेत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच आढळतो, तर उत्तरेच्या मैदानात तो हंगामाच्या अखेरीस पोहोचतो. रोगाचा उगम स्थानिक असता, तर असा क्रम दिसण्याचे कारण नव्हते.

या साऱ्या कामाला एक व्यावहारिक अडचण होती. परजीवी कवक जिवंत रोपांवरच सांभाळावे लागते आणि आग्र्याच्या उन्हाळ्यात गव्हाची रोपे व त्यांवरील तांबेरा टिकवणे जवळपास अशक्य. त्यामुळे शिमल्यातील फ्लॉवरडेल येथे प्रयोगशाळा उभी राहिली. ती आजही कार्यरत असून देशभरातून येणाऱ्या तांबेऱ्याच्या नमुन्यांची तपासणी तेथे होते.

वंशप्रकार आणि खपली

तांबेऱ्याचे कवक दिसायला एकसारखे असले, तरी गव्हाच्या कोणत्या वाणावर ते वाढू शकते यानुसार त्याचे अनेक वंशप्रकार पडतात. अमेरिकेतील एल्व्हिन स्टॅकमन यांनी १९२२ च्या सुमारास काळ्या तांबेऱ्याचे वंशप्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या १२ निवडक वाणांचा संच निश्चित केला. प्रत्येक वाणाच्या रोपांवर तांबेरा घालायचा आणि प्रतिक्रिया शून्य ते चार या श्रेणीत नोंदवायची, अशी ही पद्धत. पान स्वच्छ राहिले तर शून्य, मोठ्या भरघोस पुळ्या आल्या तर चार. बारा वाणांवरील बारा प्रतिक्रिया म्हणजे त्या वंशप्रकाराची ओळख. या संचातील एका वाणाचे नाव होते ‘खपली’. महाराष्ट्र-कर्नाटकात पोळीसाठी आणि खिरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पिकवला जाणारा हा गहू काळ्या तांबेऱ्याला उत्तम प्रतिकार करीत असल्याने मिनेसोटातील प्रयोगशाळेत जाऊन बसला होता.

मेहता यांनी हीच पद्धत भारतात वापरून येथील तिन्ही तांबेऱ्यांच्या वंशप्रकारांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. प्रतिकारक्षम वाण निर्माण करण्यासाठी ही माहिती अपरिहार्य असते. कारण ज्या वंशप्रकाराविरुद्ध वाण निवडायचा तो वंशप्रकार आपल्या शेतात आहे की नाही, हेच ठाऊक नसेल, तर निवडीला अर्थ उरत नाही. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पैदास कार्यक्रमाला या पाहणीचा आधार मिळाला. त्यातून १९५० च्या दशकात ‘एन. पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा वाण पुढे आला. मुंबई राज्यात निफाड येथील संशोधन केंद्रात केनियातील आणि निफाडच्या वाणांच्या संकरातून ‘केनफड’ हे वाण तयार झाले, तर महाबळेश्वरच्या थंड हवेचा उपयोग तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी करून घेण्यात आला.

शिफारस आणि तिची मर्यादा

तांबेऱ्याचा उगम डोंगरातील उन्हाळी गव्हात आहे, तर तेथेच तो तोडावा, हा मेहता यांच्या सिद्धान्ताचा तर्कशुद्ध परिणाम होता. मैदानात पेरणी होण्यापूर्वी डोंगरातील आपोआप उगवलेली रोपे व फुटवे नष्ट करावेत आणि निलगिरी व पळणी भागांत उन्हाळी हंगामातील गव्हाचे पीक काही काळ थांबवावे, अशी शिफारस त्यांनी केली. शास्त्रीयदृष्ट्या तीत खोट काढण्यासारखे फारसे नव्हते. परंतु तिची अंमलबजावणी व्यापक प्रमाणावर होऊ शकली नाही. बार्बेरी हे कोणाचेही अन्न नव्हते. डोंगरातला गहू मात्र तेथील शेतकऱ्याचे अन्न होता. शेकडो मैल दूरच्या पिकासाठी त्याने आपले पीक का सोडावे, याचे उत्तर कवकशास्त्रात मिळणारे नव्हते. शिवाय हिमालयाचा मोठा भाग नेपाळमध्ये येतो. या प्रश्नाची सामाजिक बाजू वनस्पतिरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, ही उणीव म्हणावी लागेल.

सन १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भीषण साथ आली. आजचा मध्य प्रदेश आणि विदर्भ यांना तिचा मोठा फटका बसला. देशभरात सुमारे २० लाख टन गव्हाची हानी झाल्याचा अंदाज रोगशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. बंगालचा १९४३ चा दुष्काळ अद्याप ताजा होता आणि देश शिधावाटपावर जगत होता. मेहता यांचा पहिला मोठा प्रबंध १९४० मध्येच प्रसिद्ध झालेला होता, म्हणजे साथीचे कारण छापील स्वरूपात उपलब्ध होते. सन १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. प्रबंधाचा दुसरा भाग १९५२ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

नंतरचे संशोधन

मेहता यांचे सर्व निष्कर्ष जसेच्या तसे टिकले, असे मात्र नाही. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत हिमालय आणि दक्षिणेकडील डोंगर ही दोन्ही उगमस्थाने त्यांनी महत्त्वाची मानली होती. सन १९७० च्या दशकात एस. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्यांचे मार्ग, उपग्रहचित्रे आणि पावसाच्या नोंदी यांच्या साहाय्याने या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. हिमालयात हिवाळ्याच्या थंडीत काळ्या तांबेऱ्याची वाढ मंदावते, त्यामुळे उत्तरेकडून होणारा प्रसार नगण्य ठरतो. खरा उगम निलगिरी-पळणीत आहे, असे त्यांनी दाखवले. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी चक्रीवादळे हे बीजाणू सुमारे हजार किलोमीटर उत्तरेकडे वाहून आणतात आणि पावसाबरोबर ते मध्य भारतातील कोवळ्या पिकावर उतरतात. याउलट पिवळ्या तांबेऱ्याचा उत्तर भारतातील प्रादुर्भाव हिमालयातून होतो. तपकिरी तांबेऱ्याला दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. म्हणजे मेहता यांच्या सिद्धान्ताचा गाभा, डोंगरातील गव्हावर युरेडो अवस्थेत कवकाचे टिकणे आणि वाऱ्याने मैदानात येणे, कायम राहिला. उगमस्थानांची वाटणी मात्र दुरुस्त झाली.

बार्बेरीचे प्रकरणही पूर्णपणे मिटलेले नाही. पिवळ्या तांबेऱ्याची पर्यायी पोषक वनस्पती शंभराहून अधिक वर्षे अज्ञात होती. सन २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ती बार्बेरीच असल्याचे दाखवले. त्यामुळे हिमालयातील दारुहळदीच्या झुडपांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. रोगाच्या वार्षिक पुनरावृत्तीत या झुडपांचा वाटा नसला, तरी लैंगिक पुनरुत्पादनातून कवकाचे नवे वंशप्रकार निर्माण होण्याची शक्यता हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि मेहता यांच्या काळात तो या स्वरूपात विचारलाही गेला नव्हता.

दरम्यान, १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा ‘यूजी ९९’ हा वंशप्रकार आढळला. जगातील असंख्य वाणांना संरक्षण देणारे ‘एसआर ३१’ हे जनुक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरले. पुढे तो येमेन आणि इराणपर्यंत पोहोचला. त्याला तोंड देऊ शकणाऱ्या जनुकांचा शोध सुरू झाला, तेव्हा उपयोगी ठरलेल्या जनुकांपैकी एक म्हणजे ‘एसआर १३’. ते २०१७ मध्ये विलग करण्यात आले. स्टॅकमन यांच्या १२ वाणांच्या संचातील खपली गव्हात हे जनुक आहे.